द्वारकाबाईंना आम्ही वेडं ठरवलं

माझ्या वकिलीत खून फार आले नाहीत. बालाघाटच्या बार रूममध्ये फौजदारीचे वकील दुपारी चहाबरोबर आपापल्या खटल्यांतल्या कुऱ्हाडी आणि साक्षीदार फिरवत असत, तेव्हा मी कोपऱ्यात बसून कुणाचं तरी वाटणीपत्र वाचत असे. दानपत्र, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, नामांतर यातच माझी हयात गेली. थोडक्यात सांगायचं तर म्हातारी माणसं आणि त्यांच्या मालमत्तेवर डोळा ठेवून बसलेली त्यांचीच माणसं, यांच्यामध्ये मी उभा असे. कधी या बाजूनं, कधी त्या. फी दोन्हीकडून सारखीच मिळते, हे बाहेरच्या लोकांना आधीच सांगितलेलं बरं.

दिवाळी अंकासाठी वकिलीतल्या गमती लिहा, असा संपादकांचा निरोप आला. गमती आहेत. पण लिहायला बसलो की दर वेळी एकच बाई पुढे येऊन उभी राहते, आणि तिच्या बाबतीत मला गंमत करता येत नाही. म्हणून आधी एक छोटी गंमत सांगून मोकळा होतो.

भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेला सोमाजी नावाचा एक म्हातारा एकदा माझ्याकडे आला. धिप्पाड माणूस. खुर्चीवर न बसता दाराशीच उभा राहून म्हणाला, "बाबू, असा एक कागद करून द्या का मले माह्या पोराले काहीच देता येऊ नये."

मी म्हटलं, "नका देऊ. कागद कशाला पाहिजे?"

"थो समोर येऊन उभा राह्यला का मी देऊनच टाकतो. मले नाही म्हणता येत नाही. म्हणून कायद्यानं मलेच अडवा."

मी त्याला समजावून सांगितलं की, शहाण्या माणसाला स्वतःचं वाटोळं करण्यापासून अडवणारा कायदा अजून कुणी केलेला नाही. त्यानं ते ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर चढवली आणि "मंग तुमचा कायदा कोन्या कामाचा?" असं विचारून निघून गेला. मी तो प्रश्न बार रूममध्ये सांगून बरेच दिवस लोकांना हसवलं. तेव्हा मी तरुण होतो.

तर कायदा कोणत्या कामाचा, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल. दुबळ्या माणसाची मालमत्ता कुणी गोड बोलून किंवा दाबून काढून घेऊ नये म्हणून आमच्या काळी तीन आडकाठ्या होत्या. पहिली रजिस्ट्रीत. निरक्षर माणसाचा अंगठा घेण्याआधी दस्त त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, समजावायचा, आणि कबूल आहे का ते विचारायचं. दुसरी कोर्टात. देणाऱ्यावर ज्याचा दाब चालतो असा घरातला कर्ता कुणी असेल आणि त्यानंच फायदा उपटला असेल, तर दाबदडप झाली नाही हे त्यानं सिद्ध करायचं. तिसरी आडकाठी सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात वाईट. माणूस मनानं अधू आहे, त्याला स्वतःचा व्यवहार कळत नाही, असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं. मग कोर्ट त्याच्या मालमत्तेवर दुसरा कुणी व्यवस्थापक नेमतं आणि त्याचा अंगठा कुणाच्याही कामाचा राहत नाही. जो लुबाडायला येईल त्याच्याही नाही आणि ज्याचा अंगठा आहे त्याच्याही नाही.

द्वारकाबाईंची मुलगी यमुना माझ्याकडे आली ती साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात. मराठी मुलूख एकीकडे गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. कोर्टातली मराठी हळूहळू बंद होत होती. माझी सनद नवीन होती आणि मी दादासाहेबांच्या हाताखाली काम करत होतो. दादासाहेब म्हणजे आमचे सीनियर. दिवाणी कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. जिल्ह्यातल्याच खैरलांजीकडच्या खेड्यांतली आमची मराठी माणसं थेट त्यांच्याकडेच येत.

यमुनेचा नवरा भरवेलीच्या खाणीत होता. आई एकटीच खैरलांजीजवळच्या गावात, धानाची पाच एकर जमीन आणि घर सांभाळून राहत होती. वडील वारले त्या वर्षी थोरले काका, दौलतराव, आईला घेऊन बालाघाटला आले. जमीन तुझ्या नावावर चढवून घेऊ, असं सांगून आणलं. रजिस्ट्रीत आईचा अंगठा झाला. आणि आता कळलं की ते नामांतर नव्हतं, दानपत्र होतं. घर आणि वावर दोन्ही दौलतरावांच्या नावावर गेलेलं. वर दौलतराव रस्त्याकडचा तुकडा एका भातगिरणीवाल्याला विकायला निघालेले. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत सौदा होणार होता.

दादासाहेबांनी मला सांगितलं, "बाईला बोलावून घे. काय झालं ते तिच्या तोंडून ऐक."

द्वारकाबाई दोन दिवसांनी बसनं आल्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, काळ्याभोर, हातात कापडी पिशवी. येताच त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग आजोळ, आणि पाच मिनिटांत माझ्या आजीच्या माहेराशी त्यांचं कुठून तरी नातं लावून दाखवलं. त्या गावात लग्न जमवायचं, जावाजावांचं भांडण मिटवायचं, बाळंतिणीला काय द्यायचं ते ठरवायचं, तर द्वारकाबाईंना विचारल्याशिवाय पान हलत नसे, हे मला यमुनेनं सांगितलं होतं. मतदानाच्या दिवशी गावातल्या बाया रांगेनं शाळेत जात त्या यांच्याच मागून.

मी विचारलं, "मावशी, रजिस्ट्रीत कागद वाचून दाखवला होता का तुम्हाले?"

"हौ. वाचला ना. कारकुनानं हिंदीत वाचला, मंग साहेबानं पुन्हा सांगतला."

"मग तुम्हाले समजलं नाही?"

"समजलं त सारंच, बाबू. दान म्हणून राह्यला, घर म्हणून राह्यला. म्हटलं, गेलं आपलं वावर."

"मग काहून बोलल्या नाही?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू वकील झालो तरी मी अजून जेवायचं कसं ते शिकलो नाही.

"भासरे बाजूलेच उभे होते," त्या म्हणाल्या.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडच्या शेतकरी घरांत धाकट्या भावाची बायको, म्हणजे भावसून, भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढते, पाठ वळवते, तो ज्या चटईवर बसला तिच्यावर पाय देत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका अंगणात राहून दौलतरावांनी द्वारकाबाईंचा आवाज ऐकलेला नव्हता. काही सांगायचं असलं तर त्या भिंतीला सांगत किंवा पोराला पाठवत. नवरा गेल्यावरही ते तसंच राहिलं.

"साहेबानं इचारलं, कबूल है का बाई? मी मान खाली घातली. पदर पुढं घेतला. साहेब म्हणे, ठीक है. अन् बोट धरून शाईवर ठेवलं." त्यांनी मान खाली घालून दाखवली. "मी मान हालवली नाही, बाबू. खाली घातली."

रजिस्ट्रीतल्या साहेबांनी काही चुकीचं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दस्त वाचला, समजावला, विचारलं. पहिली आडकाठी पूर्ण पाळली गेली आणि वावर त्या आडकाठीखालून अलगद निघून गेलं.

मी उत्साहानं दादासाहेबांकडे गेलो. म्हटलं, सरळ केस आहे. दाबदडपीचा दावा लावू. बाईची साक्ष कोर्टात नको, कोर्टाचा माणूस घरी पाठवायला लावून तिथं घेऊ, भासऱ्याला दूर ठेवू, ती सगळं बोलेल. बाई हुशार आहे.

दादासाहेब पान लावत होते. म्हणाले, "हुशार आहे हीच अडचण. दस्तावर शेरा आहे, वाचून दाखवला, समजला, कबूल केला. आता तूच सांगणार की समजला होता. मग राहिलं काय? गप्प का बसली हे जबलपूरच्या हायकोर्टापर्यंत सांगत बसशील. दहा वर्षं. तोवर गिरणीवाला तिथं गोदाम बांधेल."

"मग?"

"तिसरा रस्ता. मुलीकडून अर्ज लाव. आई मनानं अधू आहे, व्यवहार कळत नाही. बापाच्या मरणानंतर झालं म्हणायचं. व्यवस्थापक मुलगी. त्या अर्जावर विक्रीला मनाई दोन आठवड्यांत मिळेल. एकदा बाई अधू ठरली की दानपत्र आपोआप लंगडं पडतं."

मी म्हटलं, "पण साहेब तिला प्रश्न विचारतील. ती फाडफाड बोलेल."

दादासाहेबांनी पान तोंडात टाकलं. "दौलतराव कोर्टात हजर असतील ना?"

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी हसलो, हे मला लिहायलाच हवं. युक्तीच तशी होती. ज्या पदराआडून दौलतरावांनी जमीन घेतली त्याच पदराआडून आम्ही ती परत आणणार होतो. घरी जाताना सायकलवर मला आपल्या पेशाचा अभिमान वाटत होता.

यमुनेला आम्ही सगळं सांगितलं. ती घाबरली, रडली, पण वावर वाचेल म्हणून तयार झाली. आईला तिनं एवढंच सांगितलं की कोर्टात काका असतील, तू बोलली नाहीस तरी चालेल. द्वारकाबाईंना त्यात नवीन काही नव्हतं. मी त्यांना वेगळं काही सांगितलं नाही. एका ओळखीच्या निवृत्त डॉक्टरांनी वयोमानानुसार बुद्धी मंदावल्याचा दाखला दिला. बाईंना त्यांनी दोन मिनिटं पाहिलं असेल.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात जे झालं ते असं. न्यायाधीशसाहेब नवे होते, मोठ्या शहरात वाढलेले, बाईला समोर बोलावून अगदी प्रेमानं विचारत होते. दौलतराव पांढरं धोतर, काळा कोट घालून पहिल्या बाकावर बसले होते. साहेबांच्या कागदात ते भासरा नव्हते, गैरअर्जदार क्रमांक एक होते.

"बाई, आज कौनसा दिन है?"

द्वारकाबाईंनी पदर पुढे ओढला.

"आपके पति का क्या नाम था?"

हा प्रश्न तर भासरा नसता तरी अवघडच होता. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत.

"कितने बच्चे हैं? जमीन कितनी है?"

द्वारकाबाई हळूहळू वळत गेल्या आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कोर्टात कुणीतरी हसलं. दौलतराव उठून हात जोडून म्हणाले, "हुजूर, हमारी भावसून एकदम अच्छी है. समझदार है. पूरे गाँव को सलाह देती है. थोडा शरमाती है."

त्या दिवशी त्या खोलीत द्वारकाबाईंबद्दल खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांना लुबाडणारा होता. त्यांच्या बाजूचे आम्ही सगळे त्या वेड्या आहेत असं शपथेवर सांगत होतो.

दौलतरावांचा वकील कच्चा नव्हता. तो त्यांच्या कानाशी लागला, बहुधा बाहेर जाऊन बसा असंच म्हणाला असेल. दौलतरावांनी जोरानं नकार दिला. आपण बाहेर गेलो की ही बोलणार, आणि बोलली की रजिस्ट्रीतलं सगळं सांगणार, ही त्यांना धास्ती. शिवाय त्यांच्या समोर ती मान खाली घालते आणि साहेब लोक तिला होकार समजतात, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. पुन्हा तसंच होईल असं त्यांना वाटलं. म्हणून ते बसून राहिले.

मी माझ्या जागेवर होतो. "हुजूर, इनके जेठ सामने बैठे हैं." जेठ म्हणजे भासरा. एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडात आलं होतं, हे मी खोटं सांगत नाही. दादासाहेबांनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड नव्हता. तो झटकून मला उठता आलं असतं.

महिन्याभरात हुकूम झाला. पेशकारानं, म्हणजे कोर्टाच्या कारकुनानं, हिंदीत वाचला. विकृतचित्त, व्यवहार समजण्यास असमर्थ, आणि असंच बरंच काही. विक्रीला मनाई आधीच मिळाली होती, आता यमुना आईच्या मालमत्तेची व्यवस्थापक झाली. बार रूममध्ये माझी पाठ थोपटली गेली. मी बाहेर आलो तेव्हा द्वारकाबाई कोर्टासमोरच्या चिंचेखाली बसल्या होत्या आणि यमुना डोळे पुसत होती.

"काय म्हणे साहेब?" त्यांनी विचारलं.

"वावर वाचलं, मावशी."

"थे समजलं. त्याच्या आंधी काय म्हणे?"

"काही नाही. कागदी भाषा असते."

"मी येडी हावो म्हणे ना?"

मी फाइलचा दोरा बांधायला घेतला. द्वारकाबाईंनी पिशवीतून मुरमुऱ्याची पुडी काढली, यमुनेला दिली, मला दिली. आम्ही तिघं तिथं बसून मुरमुरे खाल्ले. मला अजून मुरमुरे आवडत नाहीत.

दानपत्र पुढे रद्द झालं. त्या दाव्याला वेळ लागला, पण पाया पक्का होता, आणि पाया म्हणजे द्वारकाबाई वेड्या आहेत हा हुकूम. दौलतराव अपिलात गेले आणि अपील जबलपूरला पडून असतानाच वारले. त्यांच्या मुलांनी ते पुढे चालू ठेवलं. पण ताबा द्वारकाबाईंकडे राहिला, धान पिकत राहिलं, आणि दादासाहेब नव्या वकिलांना ही केस शिकवताना माझं नाव घेत राहिले.

गावाकडची खबर मला तुकड्यातुकड्यांनी कळत होती. त्या बाजूचे पक्षकार येत, मी विचारत असे, ते सांगत. पहिल्यांदा एका लग्नात वरपक्षाकडच्या कुणीतरी म्हटलं, त्या बाईला कशाला विचारता, तिला सरकारनं येडी ठरवलंय. मग पोरं मागून ओरडायला लागली. मग बाया सल्ला विचारायला यायच्या थांबल्या. कुणी वाईट वागत नव्हतं, उलट जपून वागत होते, लहान मुलाशी वागावं तसं. दुकानदार उधार देईना, कारण हिचा शब्द चालत नाही. सहकारी संस्थेत सभासद म्हणून अंगठा चालेना. स्वतःच्या म्हशीचा सौदाही त्यांना यमुनेला भरवेलीहून बोलावून करावा लागे. वावर राखण्यासाठी आम्ही बाईभोवती कुंपण घातलं होतं, आणि त्याचं दार आतून उघडत नव्हतं.

मी हे ऐकत होतो आणि एकदाही त्यांच्या गावी गेलो नाही. खैरलांजीला कामासाठी कितीतरी वेळा गेलो. बस त्यांच्याच गावावरून जात असे. मी खिडकीकडची जागा टाळत असे.

मग एका निवडणुकीच्या वेळी दौलतरावांच्या थोरल्या मुलानं मतदार यादीवर हरकत घेतली. कोर्टानं ज्याला वेडा ठरवलंय त्याला मत देता येत नाही, कायदाच आहे. नाव कापलं गेलं. द्वारकाबाईंना ते कुणी सांगितलं नाही. त्या नेहमीप्रमाणे धुतलेलं लुगडं नेसून शाळेत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि टेबलापर्यंत गेल्यावर त्यांना परत पाठवलं. आता त्या बायांच्या पुढे नव्हत्या, एकट्याच होत्या, म्हणून परत जाताना निदान कुणाची वाट अडली नाही.

त्यानंतर आठच दिवसांत त्या यमुनेबरोबर माझ्याकडे आल्या. दादासाहेबांनी वकिली सोडली होती आणि त्यांची खुर्ची आता माझी होती. द्वारकाबाई वाळल्या होत्या, पण डोळे तेच.

"बाबू," त्या बसता बसता म्हणाल्या, "तुम्ही मले येडी केलं. आता शहाणी करून द्या."

रागावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी कामाचं सांगावं तशा बोलल्या.

कायद्यात तशी सोय आहे. एकदा वेडा ठरलेला माणूस बरा झाला तर कोर्ट पुन्हा चौकशी करतं आणि पहिला हुकूम उठवतं. मी त्यांना ते सांगितलं, आणि मग जे इतकी वर्षं गिळून बसलो होतो तेही सांगितलं. म्हटलं, "मावशी, यावेळी मी साहेबाले खरं सांगणार आहे. तुम्ही कधीच वेड्या नव्हत्या, भासऱ्यापायी बोलल्या नाहीत, अन् ते मले तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मंग वावराचं काय होईल?"

मी खोटं बोललो नाही. "धोका आहे. तुमच्या पुतण्याचं अपील अजून चालू आहे. तुम्ही तेव्हा शहाण्या होत्या असं निघालं, तर दानपत्र पुन्हा उभं राहील. मी लढेन, पण सांगता येत नाही."

"अन् तुमचं?"

"माझी सनद जाऊ शकते. कोर्टाला फसवलं म्हणतील. ते माझं मी बघीन."

"बरं," त्या म्हणाल्या. निघताना भिंतीवरच्या फोटोकडे पाहून माझी मुलं किती मोठी झाली ते तेवढं विचारलं.

तारखेच्या दिवशी मी काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. बायकोला घरी सांगून आलो होतो. न्यायाधीशसाहेब आता दुसरे होते, पिकल्या केसांचे, घाई नसलेले. दौलतरावांचा मुलगा हजर होता, पण तो पुतण्या, त्याला द्वारकाबाईंनी कडेवर खेळवलेला. त्याच्यासमोर बोलायला त्यांना काहीच अडचण नव्हती. त्या पदर नीट करून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"आज कौनसा दिन है, बाई?"

"बुधवार. तारीख हाय म्हणून त आली, साहेब."

"पति का नाम?"

"थे मी घेत नाही. यमुने, तू सांग."

साहेब हसले. "धान का भाव क्या चल रहा है?"

"कोन्या धानाचा? जाड्याचा का चिनोरचा? चिनोर इचारता असान त आंधी सांगा, घ्याचा हाय का इकाचा हाय."

पेशकारानं भाषांतर केलं तेव्हा सगळं कोर्ट हसलं, आणि यावेळचं हसणं वेगळं होतं. द्वारकाबाई ताठ उभ्या होत्या. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना काही विचारत होतं. मीही हसत होतो, आणि मनात वाक्यं जुळवत होतो, कारण पुढचा प्रश्न काय असणार हे मला माहीत होतं.

साहेबांनी जुनी फाइल चाळली. चष्मा काढला. "अम्मा, आप तो इतनी समझदार हैं. फिर उस समय कुछ क्यों नहीं बोलीं?"

मी उठलो. "हुजूर," एवढं म्हणालो. द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा शब्द पुरा व्हायच्या आत त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तवा मी येडीच होती, साहेब. माह्या घरचे गेलते ना, मले काहीच समजत नव्हतं. आता बरी झाली." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या वकीलबाबूलेच इचारा. त्याहीनंच त सांगतलं होतं तुमच्या कोर्टाले."

साहेबांनी मान वळवली. पुतण्याही माझ्याकडे पाहू लागला.

"क्यों वकीलसाहब, ऐसा ही था?"

पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं. एकही शब्द विसरलो नव्हतो. यमुना माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या तोंडावर वावराची काळजी स्पष्ट दिसत होती.

"जी हुजूर," मी म्हणालो. "ऐसा ही था."

त्याच दिवशी हुकूम झाला. रोग बरा झाला, पहिला हुकूम उठवला, बाई आपला व्यवहार पाहण्यास समर्थ. पुतण्याच्या वकिलानं आपली फाइल बांधली. अपील पुढे दोन वर्षांनी आमच्या बाजूनंच निकाली निघालं. मतदार यादीत नाव पुन्हा आलं. पण ते सगळं नंतरचं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी द्वारकाबाईंना गाठलं. म्हटलं, "मावशी, असं काहून केलं? शपथ घेऊन खोटं काहून बोलल्या?"

त्या एक पायरी खाली होत्या. तिथूनच वर पाहून, मला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "खरं बोलली असती त वावर गेलं असतं, बाबू. अन् तुमचं नाव गेलं असतं. माह्यं त पयलेच गेलतं."

मग त्या यमुनेचा हात धरून बस स्टँडकडे निघाल्या.